परत आलेले कार्ड

(कौटुंबिक मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



वार्धक्यावर बोलावयास उभा राहिलेला वक्ता बहुधा आकड्यांपासून प्रारंभ करतो. तो शिष्टाचार येथेही पाळून घेऊ. २०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेल्या भारतीयांची संख्या १० कोटींच्या पुढे गेलेली होती. शंभरात साडेआठांहून किंचित अधिक. त्याआधी २००७ साली संसदेने माता-पित्यांच्या आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थासाठी कायदा केला. मुले सांभाळत नसतील तर वृद्ध आई-वडिलांना न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते आणि निर्वाहवेतन मिळते. असा कायदा आपल्या देशात करावा लागला याची खंत अनेक व्यासपीठांवरून व्यक्त झालेली आहे आणि ती रास्तच आहे.

परंतु आजचा विषय त्या कायद्याच्या कक्षेत येणाऱ्या घरांचा नाही. येथे जमलेली बहुतेक कुटुंबे आपल्या वडीलधाऱ्यांना सांभाळणारी आहेत. औषधे वेळेवर देणारी, स्वतंत्र खोली देणारी, वाढदिवसाला शाल घालणारी. अशा सुस्थित, प्रेमळ घरातही म्हाताऱ्या माणसाच्या वाट्याला एक प्रकारचे पोरकेपण कसे येऊ शकते, हे एका घराच्या उदाहरणावरून पाहावयाचे आहे. त्या गृहस्थांचे नाव सांगण्याचे कारण नाही. घरात त्यांना सारे 'नाना' म्हणतात, आपणही तेच म्हणू.

नाना टपाल खात्यात होते. १९६५ साली विशीत चिकटले आणि साठी पूर्ण होताच पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले. बहुतेक नोकरी सातारा जिल्ह्यात झाली. कधी वाई, कधी पाचगणी, काही वर्षे महाबळेश्वर. घर मात्र वाईला. सहा वर्षांपूर्वी पत्नी गेली, वाईचे घर बंद झाले आणि नाना पुण्यास कोथरूडला मुलाकडे राहावयास आले. मुलगा, सून आणि महाविद्यालयात शिकणारी नात. तिसऱ्या मजल्यावर तीन खोल्यांचे घर, उद्वाहन आहे, समोर गुलमोहर आहे. तक्रारीला जागा नाही.

नानांना पहाटे साडेचारला जाग येते. पहिल्या गाडीची टपालथैली उघडण्याची सवय शरीराने सोडलेली नाही. घर झोपलेले असते. ते दिवा न लावता गॅलरीत बसतात. सहाच्या सुमारास स्वतःचा चहा स्वतः करून घेतात, त्यात आले किसून घालतात आणि कप दोन्ही तळव्यांत धरून बसतात. चहापेक्षा त्या ऊबेचीच त्यांना अधिक ओढ असावी. मग दासबोधाचा एक समास. वीस दशक, दोनशे समास. दिवसाला एक याप्रमाणे दोनशे दिवसांत ग्रंथ पूर्ण होतो आणि एकही दिवस मध्ये न टाकता पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. वर्तमानपत्र येते तेव्हा आधी शब्दकोडे, मग निधनवार्ता आणि शेवटी राजकारण. हा क्रम येथे बसलेल्या अनेकांना ओळखीचा वाटेल. उन्हे तापण्यापूर्वी ते मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन येतात. वाटेत एका बंगल्याच्या कुंपणावर गोकर्णाचा वेल आहे. तिथली दोन फुले देवासाठी घेण्याची परवानगी त्यांनी बंगल्याच्या मालकांकडून रीतसर मागून घेतलेली आहे. कुंपणाबाहेर लोंबणारे फूलही विचारल्यावाचून तोडू नये, असा त्यांचा दंडक.

आणि मग पोस्टकार्डे. भारतात पोस्टकार्ड १ जुलै १८७९ रोजी अवतरले, तेव्हा त्याची किंमत पाव आणा होती, हे नाना कोणासही आणि कोणत्याही प्रसंगी सांगू शकतात. खात्यातील त्यांचे खरे दैवत म्हणजे श्रीराम भिकाजी वेलणकर. संस्कृतचे पंडित, कवी आणि नाटककार असलेल्या या टपाल अधिकाऱ्याच्या कल्पनेतून पिनकोड जन्मास आला आणि १५ ऑगस्ट १९७२ रोजी तो देशभर लागू झाला. नाना तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. वडगाव, खेड, पिंपळगाव अशा नावांची गावे जिल्ह्याजिल्ह्यांत विखुरलेली. त्यांत निरनिराळ्या लिप्यांतील पत्ते. टपालाची वर्गवारी करणाऱ्याचा जीव मेटाकुटीस येई. त्यावर सहा अंकांनी तोड काढली. पहिला अंक विभागाचा, पहिले तीन मिळून वर्गवारीच्या जिल्ह्याचे, शेवटचे तीन बटवडा करणाऱ्या कार्यालयाचे. "देशातल्या प्रत्येक खेड्याला या माणसाने नाव दिलं, आणि तेही कोणत्याही भाषेत वाचता येईल असं," हे नानांचे वाक्य नातीला पाठ झाले आहे. पिनकोड न लिहिलेले पाकीट दिसले की त्यांचा हात आजही लाल पेन्सिलीकडे जातो.

हे खाते त्यांच्या डोळ्यांदेखत आटत गेले. कडकट्ट करणारी तार जुलै २०१३ मध्ये कायमची बंद झाली. २०२५ साली रजिस्टर्ड पोस्ट ही स्वतंत्र सेवाही स्पीड पोस्टात विलीन झाली. नाना यावर कधी गळा काढीत नाहीत. ते एवढेच करतात, की प्रत्येक एकादशीला, शुद्ध आणि वद्य दोन्ही, वाईच्या एका निवृत्त शाळामास्तरांना कार्ड लिहितात. अक्षर मोत्यासारखे, डावीकडे पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता, मायना 'स. न. वि. वि.' आणि मजकूर बहुधा थट्टेचा. मास्तरांचे उत्तर पौर्णिमेला किंवा अमावास्येला येते. घरोघरी दूरध्वनी आले, भ्रमणध्वनी आले, तरी या दोघांनी हा पत्रव्यवहार सोडला नाही. फोनवर बोललेले परत वाचता येत नाही, असे मास्तरांचे म्हणणे.

रोज अकरा वाजता नाना खाली जाऊन सोसायटीच्या टपालपेटीत पाहून येतात. हे काम त्यांच्याकडे उरले, याला एक कारण आहे. पत्रे येतात याचीच घरात कोणाला आठवण नव्हती.

उरले असे म्हणण्याचे कारण हे की, बाकीची कामे एकेक करून गेली होती. प्रथम गेले दूध आणणे. एकदा जिन्यात पाय मुरगळला, तेव्हापासून दूध दाराशी येऊ लागले. मग विजेचे बिल. रांगेत उभे राहून, चार ओळखी करून, पावती घेऊन घरी येण्यात नानांची एक सकाळ सार्थकी लागत असे. मुलाने ते घरबसल्या क्षणात भरण्याची व्यवस्था केली. मग बँकेच्या पासबुकातील नोंदी, मग भाजी निवडणे, कारण सूनबाई निवडलेलीच भाजी आणू लागली. प्रत्येक वेळी वाक्य एकच होते, आणि ते अत्यंत प्रेमाने उच्चारलेले होते. "नाना, आता तुम्ही फक्त आराम करा."

बंधुभगिनींनो, हे वाक्य आपल्यापैकी किती जणांनी आपल्या घरात उच्चारलेले आहे, याचा विचार आपण शांतपणे करावा. बोलणाऱ्याच्या मनात कृतज्ञता असते. ऐकणाऱ्याला त्यात निरोप ऐकू येतो.

आपल्या पूर्वजांनी वार्धक्याचा विचार कमी केलेला नाही. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात वानप्रस्थाची वेळ सांगितली आहे. गृहस्थाने अंगावर सुरकुत्या, डोक्यावर पिकलेले केस आणि अपत्याचे अपत्य पाहिले की वनाचा आश्रय करावा. या विधानातील कर्ता कोण आहे, तेवढे पाहा. सुरकुत्या तोच पाहतो, निर्णय तोच घेतो, निघतोही तोच. मुलाने किल्ल्या काढून घ्याव्यात, सुनेने सुरी हातातून घ्यावी आणि डॉक्टरांनी जिना बंद करावा, असा वानप्रस्थ तेथे सांगितलेला नाही. सोडणे आणि सोडवून घेतले जाणे यांत महदंतर आहे. स्वखुशीने उतरवलेले ओझे माणसाला हलके करते. तेच परस्पर उचलून नेले, तर तो हात रिकामे घेऊन उभा राहतो आणि त्या हातांचे काय करावे हे त्याला कळेनासे होते.

नाना मुळात विनोदी स्वभावाचे. ऐंशी वर्षे पूर्ण झाली आणि नियमाप्रमाणे मूळ निवृत्तिवेतनात वीस टक्क्यांची भर पडली, तेव्हा त्यांनी घरात पेढे वाटले. पंच्याऐंशीला तीस, नव्वदीला चाळीस, पंचाण्णवला पन्नास आणि शंभरीला शंभर टक्के, असा तो चढता क्रम ऐकवून "सरकारला माझ्याकडून अजून फार अपेक्षा आहेत," असे ते म्हणाले. हयातीच्या दाखल्याच्या वेळी यंत्राने त्यांचा अंगठा ओळखला नाही. २०१४ पासून हा दाखला बोटाच्या ठशावर घरबसल्या देण्याची सोय झाली खरी, पण उतारवयात बोटांच्या रेषा पुसट होतात, हे यंत्राला कोण सांगणार? चारदा अंगठा टेकवून झाला. "चाळीस वर्षं शिक्के मारले, त्यात रेषा गेल्या असतील," नाना म्हणाले. अखेर चेहरा दाखवून काम झाले. ती सोय पुढे २०२१ मध्ये आली होती आणि ती नातीला ठाऊक होती. त्या दिवशी आजोबा आणि नात यांनी मिळून सरकारला पटवून दिले की नाना जिवंत आहेत, आणि दोघे खूप हसले.

पण हळूहळू हे हसणे कमी झाले. जेवताना कोणी विचारले तरच बोलायचे, दुपारी खोलीचे दार लोटून घ्यायचे, 'काही नाही' आणि 'चालेल' या दोन उत्तरांत सारे संभाषण. मुलाला वाटले प्रकृतीचे असेल. तपासण्या झाल्या. रक्तदाब चढलेला निघाला. डॉक्टरांनी गोळी वाढवली आणि मुलाला बाजूस घेऊन सांगितले, की शक्यतो मानसिक धक्का बसू देऊ नका. ही सूचना पुढे फार महागात पडली.

आषाढी एकादशीला नानांनी नेहमीप्रमाणे वाईला कार्ड टाकले. मास्तरांना मधुमेह, डॉक्टरांनी साबुदाणा बंद केलेला. तेव्हा 'उपवासाच्या मिषाने खिचडी चोरून खाल्ली किंवा कसे, याचा सविस्तर अहवाल उलट टपाली पाठवावा' असा मजकूर होता. त्यानंतर तिसऱ्या दिवशी मास्तर गेले. झोपेतच. त्यांच्या मुलीने सकाळी नानांच्या मुलाला फोन केला. नाना तेव्हा गॅलरीत कोडे सोडवीत होते.

मुलाने फोन ठेवला आणि बायकोशी विचारविनिमय केला. आज रक्तदाब तपासावयाचा आहे, आज नको. मग पाऊस होता. मग नानांना सर्दी झाली. मग ठरले, की श्रावण आहे, सणवार आहेत, एकदा गणपती होऊ देत, मग शांतपणे सांगू. यात दुष्टावा कणभरही नव्हता. मुलगा त्या आठवड्यात रात्री दोनदा उठून वडिलांच्या खोलीत डोकावून गेला होता, असे सूनबाई सांगते.

पौर्णिमेला उत्तर आले नाही. पावसात टपाल रेंगाळते, असे नाना स्वतःशी म्हणाले. वद्य एकादशीला त्यांनी दुसरे कार्ड लिहिले. 'अहवाल अप्राप्त. संप पुकारला की काय? की खिचडीने वाचा बसली?' अमावास्येलाही पेटी रिकामीच. श्रावणातील शुद्ध एकादशीचे कार्ड जरा काळजीचे होते. रोज अकरा वाजता ते खाली जात आणि पंधरा मिनिटांनी वर येत. त्या पंधरा मिनिटांत ते काय पाहतात, हे घरात कोणी विचारले नाही, कारण विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक होते.

श्रावण वद्यात एका सकाळी पेटीत कार्ड होते. अक्षर त्यांचे स्वतःचे होते. पत्त्यावर आडवी रेघ आणि शेजारी निळ्या शाईत दोन शब्द. 'मयत. परत.'

चाळीस वर्षे नोकरी केलेल्या माणसाला हा शेरा नवा नव्हता. असे शेरे मारलेली कितीतरी पत्रे त्यांच्या हातांखालून गेली असतील. घराने आठवडे झाकून ठेवलेली वार्ता त्यांच्याच खात्याने, नियमाप्रमाणे, पाठवणाऱ्याच्या पूर्ण पत्त्यावर आणून पोचवली. डावीकडे पत्ता लिहिण्याची शिस्त पाळली नसती तर कदाचित तेही झाले नसते.

नाना वर आले. कोणाशी न बोलता त्यांनी स्नान केले आणि ओल्या अंगाने देवापाशी उभे राहिले. मित्र सगोत्र नव्हता, सुतक लागत नव्हते. पण मरणाची वार्ता कानी येताच स्नान करण्याचा आपला जुना रिवाज आहे आणि तो पाळल्यावाचून त्यांना बसवेना. सूनबाईने कोनाड्यावर ठेवलेले कार्ड पाहिले आणि काय ते ती समजली. संध्याकाळी मुलगा आला. मुलाने क्षमा मागितली, डॉक्टरांचे शब्द सांगितले, गणपतीनंतर सांगणारच होतो म्हणाला. नानांनी सारे ऐकून घेतले.

"तुझी आई गेली," ते म्हणाले, "तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. मी तुला त्याच वेळी फोन केला. तुला धक्का बसेल म्हणून सकाळपर्यंत थांबलो नाही. तुझी होती ती. तुला त्याच वेळी कळायला हवं होतं."

यावर मुलाजवळ बोलण्यासारखे काही नव्हते.

दुसऱ्या दिवशी नाना वाईला निघाले. मुलगा म्हणाला, रजा काढतो, गाडीने नेतो. नाना नको म्हणाले. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना राज्य परिवहनाच्या गाड्यांतून २६ ऑगस्ट २०२२ पासून विनाशुल्क प्रवास आहे. तेव्हा स्वारगेटहून लाल गाडी पकडून जाईन, असे त्यांनी सांगितले. सूनबाई मध्ये पडली. "जाऊ द्या त्यांना," ती नवऱ्याला म्हणाली, आणि डब्यात दशम्या व लसणाची चटणी भरून दिली. फोन मात्र चालू ठेवा, एवढी अट तिने घातली. नानांनी ती मान्य केली. वाहकाने शून्य रुपयांचे तिकीट फाडून दिले, ते त्यांनी जपून खिशात ठेवले. कात्रज, शिरवळ, खंबाटकीचा घाट, सुरूर, आणि मग डावी-उजवीकडे ओल्या हिरव्या शेतांतून वाई. आयुष्यात शेकडो वेळा केलेला तो प्रवास त्यांनी त्या दिवशी डोळे मिटून न घेता केला.

मास्तरांच्या घराला कुलूप होते. शेजारच्या बाईंनी त्यांना ओळखले, ओट्यावर बसवले, पाणी दिले. वहिनी तेराव्यानंतर थोड्याच दिवसांत मुलीकडे साताऱ्याला गेल्याचे सांगितले आणि मग जरा घुटमळून दुसरीही एक गोष्ट सांगितली.

मास्तर गेले त्याच दिवशी दुपारी नानांचे खिचडीचे कार्ड आले होते. ते वहिनींनी समजून घेतले. आधी टाकलेले असणार. पण नानांच्या घरी तर त्याच सकाळी कळवलेले होते. आणि तेराव्याच्या सुमारास दुसरे कार्ड आले. संप पुकारला की काय, वाचा बसली की काय. घरात पाहुणे, सवाष्णी, गुरुजी, आणि त्यांत हे. मुलीने ते वाचून दाखवले नाही, पण वहिनींनी मागून घेऊन वाचले. बराच वेळ हातात धरून बसल्या. मग म्हणाल्या, "भाऊजींचं वय झालं. त्यांच्या ध्यानात राहात नसेल आता."

कल्पना करा. ज्या गृहस्थाला दासबोधाचा कोणता समास कालचा आणि कोणता आजचा हे कधी चुकले नाही, त्याच्याविषयी मित्राची पत्नी दुःखाच्या भरात असा समज करून घेते आणि वर त्याला क्षमाही करते. नानांना धक्का बसू नये म्हणून जे केले गेले, त्याचा घाव भलत्याच घरी जाऊन बसला. आपण एखाद्या वृद्धापासून मृत्यूची वार्ता लपवतो तेव्हा आपल्याला वाटते, की आपण फक्त त्याचे रक्षण करीत आहोत. सांत्वनाला जाण्याचा, चार शब्द लिहिण्याचा, मित्राच्या दारी पायातील वहाणा काढून गप्प बसून येण्याचा त्याचा अधिकार आपण त्याबरोबर हिरावून घेतो, हे आपल्या लक्षात येत नाही. वास्तविक मरणाशी ज्याचा परिचय घरात सर्वांत दाट, तो तोच असतो. त्याने आई-वडिलांना पोचवलेले असते, भावंडांना पोचवलेले असते, पत्नीला पोचवलेले असते. आपणच त्याच्या तुलनेत नवखे असतो.

नानांनी साताऱ्याचा पत्ता लिहून घेतला आणि पिनकोडही विचारला. तो बाईंना ठाऊक नव्हता. मग ते गणपती आळीच्या घाटावर गेले. कृष्णा दुथडी भरून चाललेली होती. खालच्या पायऱ्या पाण्यात बुडालेल्या. या घाटावर दोघे मित्र कित्येक वर्षे संध्याकाळी बसत आले होते. ढोल्या गणपतीचे ते उंच शिखर, पाण्यावरचा गार वारा, आणि मास्तरांचे ठरलेले वाक्य, की रास्त्यांनी १७६२ साली हे देऊळ बांधताना पुराचा विचार करून मागची भिंत माशाच्या आकाराची ठेवली. हे वाक्य नानांनी हजारदा ऐकलेले होते. त्यांनी दशमी-चटणी तेथे बसून खाल्ली आणि चारच्या गाडीने परत फिरले. घरी येईपर्यंत सूनबाईचे तीन फोन होऊन गेले होते. तिन्ही वेळा त्यांनी उचलले.

त्यानंतर त्या घरात काय बदलले? फार नाही. नाटकात घडते तसे काही घडले नाही. दूध अजून दाराशीच येते. मात्र सूनबाई न निवडलेली मेथी आणू लागली आणि कागद पसरून नानांच्या पुढ्यात टाकू लागली. मेथी निवडता निवडता दोघांची बोलणी होतात. आपल्या माहेरच्या आजोबांना काय काय सांगावयाचे राहून गेले, हे ती एकदा बोलली. निधनवार्ता, आजारपणे, नात्यातील भांडणे, काहीही आले की मुलगा आता आधी वडिलांच्या खोलीत जातो. पहिल्यांदा असे सांगताना त्याचा आवाज कापरा झाला होता. नानांनीच त्याला पाणी दिले.

नानांनी वहिनींना साताऱ्याच्या पत्त्यावर कार्ड लिहिले. काय झाले ते सरळ चार ओळींत लिहिले. मुलाला दोष दिला नाही. मास्तरांविषयी एकच वाक्य लिहिले आणि ते कोणाला वाचून दाखवले नाही. भाद्रपदात उत्तर आले नाही. नाना दर एकादशीस लिहीत राहिले. आश्विन गेला, तरी उत्तर नाही. रोज अकरा वाजता ते खाली जातच होते.

दरम्यान घरात सहस्रचंद्रदर्शनाचा विषय निघाला. मुलाने कार्यालयाची चौकशी चालवली, दोनशे पानांचा अंदाज काढला. तिथीचा प्रश्न मात्र नानांनी स्वतःकडे घेतला आणि त्यात त्यांचे आठ दिवस आनंदात गेले. ऐंशी वर्षे आणि आठ महिने असा हिशेब पुष्कळ ठिकाणी धरतात. नानांनी कागद-पेन्सिल घेतली. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत सरासरी साडेएकोणतीस दिवसांहून किंचित जास्त; हजार पौर्णिमांचे सुमारे २९,५३० दिवस; म्हणजे ऐंशी वर्षे आणि दहा महिने. अधिक मासही त्यात आपोआप जमेस येतात. त्यांचा जन्म पौषातला. हिशेबाने हजारावी पौर्णिमा कार्तिकातील, त्रिपुरी पौर्णिमा निघाली. मग त्यांना दुसरी शंका आली. महाबळेश्वरच्या वर्षांत जेष्ठापासून भाद्रपदापर्यंत चंद्र दिसल्याचे त्यांना स्मरत नव्हते. ढगांआडचे चंद्र मोजावेत की वजा करावेत? नात म्हणाली, मोजा, होते तर खरे. गुरुजींनी तिची बाजू घेतली.

दोनशे पानांचा बेत नानांनीच रहित करविला. शाल, सत्कार, मानपत्र यांतले काही नको. घरात होम करावा, त्रिपुर लावावा आणि गच्चीवर दूध प्यावे. मुलाला ते थोडे लागले. वडिलांसाठी काही मोठे करावे अशी त्याची फार दिवसांची इच्छा होती. पण या वेळी त्याने विचारले होते आणि नानांनी सांगितले होते. त्रिपुरी पौर्णिमेच्या रात्री सारे गच्चीवर जमले. आकाश निवळलेले होते. नात दिवे लावीत होती आणि नाना पाण्याच्या टाकीला टेकून उभे होते. चंद्र इमारतीच्या वर आला तेव्हा त्यांनी हात जोडले आणि "हा रोखीचा," असे म्हणाले. ढगांआडचे सारे त्यांच्या लेखी उधारीवरचे होते.

दोन दिवसांनी, अकरा वाजता, पेटीत साताऱ्याचे कार्ड होते. अक्षर थरथरते, ओळी उतरत्या. वहिनींनी लिहिले होते, की सगळी कार्डे पोचली, उत्तर लिहावयाचे बळ नव्हते. मास्तरांनी जपून ठेवलेला कार्डांचा गठ्ठा वाईहून आणला आहे आणि रोज एकेक वाचते. त्यातली काही अक्षरे पुसली गेली आहेत, भाऊजींना आठवत असल्यास तो मजकूर कळवावा. म्हणजे पुढे बरेच काम आले.

नानांनी कार्ड उलटून पत्ता पाहिला. पिनकोडात ४११०३८ च्या ऐवजी ४११०८३ लिहिलेले होते. तरीही ते आले होते. त्यांनी खिशातून लाल पेन्सिल काढली, शेवटचे दोन अंक नीट केले आणि मग जिन्यातच थांबून मजकूर पुन्हा पहिल्यापासून वाचावयास घेतला.